गूळ न घातलेलं भाषण

दत्तू,

काल सकाळी तुझ्या नावाची रिक्षा आपल्या गल्लीतून गेली.

मी ओट्यावर भांडी पालथी घालत होते. आधी लांबून खरखर ऐकू आली, मग भोंगा कोपऱ्यावर वळला आणि आवाज थेट स्वयंपाकघरात शिरला. "नागरिक बंधू-भगिनींनो, आज सायंकाळी ठीक सहा वाजता, उस्मानपुऱ्यातील शाळेच्या मैदानावर, प्रसिद्ध वकील दत्तात्रयराव यांचे जाहीर व्याख्यान. विषय : दुसऱ्याचे हक्क, आपल्याला काय करायचंय? तरी सर्वांनी अगत्य येण्याचे करावे." तुझा तेरावा होऊन चार दिवस झाले आणि तू गावाला अगत्याचं बोलावणं करत फिरतोयस. त्या रिक्षावाल्याचा मुडदा बसवला, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. या घरात आत्ता तो शब्द नको.

शैला आतल्या खोलीत होती. तुझ्या बायकोला मी सध्या माझ्याकडेच आणलंय. तुमच्या घरात खुंटीवर तुझे काळे कोट लटकलेत आणि ती त्यांच्याकडे बघत बसते. ती धावत आली आणि दाराला धरून उभी राहिली. रिक्षा मारुतीच्या देवळापर्यंत जाईस्तोवर आम्ही दोघी तुला ऐकत होतो. म्हणजे तुझं नाव ऐकत होतो. आवाज कुणा भलत्याचाच होता.

पाठोपाठ देशपांडे सर आले. व्याख्यानमालेचे चिटणीस, कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले, दारात चपला काढल्या तरी जोडी लावून ठेवणारे. काल एक चप्पल इकडे, एक तिकडे.

"अक्का, फार मोठी चूक झाली," ते म्हणाले. "कॅसेट आधीच भरून ठेवली होती. रिक्षावाल्याला थांबवायचं राहिलं. मला वाटलं खजिनदारांनी सांगितलं असेल, त्यांना वाटलं मी सांगितलं असेल."

"म्हणजे प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी बघेल," मी म्हटलं. "सर, त्याच्या भाषणाचा विषय हाच होता की हो."

सर पुन्हा चपला शोधू लागले. मग म्हणाले, आत्ताच्या आत्ता दुसरी रिक्षा फिरवतो, कार्यक्रम रद्द झाला म्हणून. तेराव्याच्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, तुझ्या जागी मी दोन शब्द बोलेन का. मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली होती. कुठले दोन शब्द बोलणार होते मी? तुझं भाषण मला आयुष्यात कधी पटलं नाही. हे तुला माहीत होतं, सरांना माहीत नव्हतं.

"रद्द कशाला?" शैला दारातूनच म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा निघाला. "अक्का बोलतील. हे म्हणायचेच, भाषण माझं असतं, पण भाजलेलं अक्कानं असतं."

मी म्हणाले, "येऊ द्या लोकांना." का म्हणाले, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी पद्धत बाहेर कुणाला माहीत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. कुठलंही जाहीर भाषण असलं की आदल्या संध्याकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात यायचास. मी पाटावर बसून भाजी निवडायची आणि तू डब्यांच्या मांडणीशेजारी भिंतीला डोकं टेकून भाषण करायचास. त्या भिंतीवर तुझ्या डोक्याच्या तेलाचा डाग पडलाय. दोनदा चुना मारला, पुन्हा वर आला. बाकीचे वक्ते आपल्या बाजूच्या माणसापुढं तालीम करतात. तू मुद्दाम माझ्यापुढं करायचास, कारण तुझ्या मते अख्ख्या औरंगाबादेत माझ्याइतकं नाठाळ गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. नियम ठरलेला. मी जांभई दिली की तो भाग कापायचा. मी चिडले की ठेवायचा. "अक्का चिडली म्हंजे सुई बरोबर जागी टोचली," तू म्हणायचास. आणि मी उठून गेले, तर तो भाग बाहेर कधीच बोलायचा नाही. हा तिसरा नियम आपण कधी ठरवला नव्हता. तो तू आपणहून पाळलास.

कालच्या भाषणाचं नाव तरी कुणाचं होतं? माझंच. तू हर्सूलच्या तुरुंगातून यायचास आणि सांगायचास, अमक्याला लॉकपमध्ये मारलं, तमक्याचा खटलाच उभा राहत नाही, जामीन द्यायला कुणी नाही म्हणून वर्षानुवर्षं आत आहे. मी म्हणायची, "काहीतरी केलं असेल म्हणूनच धरलं ना? आपल्याला काय करायचंय?" ते वाक्य तू सरळ पत्रकावर छापलंस.

"माझं वाक्य चोरलंस," मी म्हटलं.

"चोरालाबी हक्क असतात, अक्का."

मी मेथीची जुडी उगारली होती, आठवतंय? तू डब्यांमागं लपायला बघत होतास. पन्नाशीचा घोडा.

"ज्याचं जळतं त्यालाच कळतं," असं मी तुला नेहमी ऐकवायची. तुमच्यासारख्यांना दुसऱ्याच्या दुःखावर भाषणं सुचतात, असा त्यात टोमणा असायचा. एकदा तू म्हणालास, "खरंय तुझं. पण इझवायला शेजारचाच लागतो. ज्याचं जळतं त्यो ऊर बडवत बसलेला असतो." मी इतकी चिडले की तू ते वाक्य तीन भाषणांत वापरलंस.

आणि गूळ. तो वाद तर अर्धाच टाकून गेलास.

तुझ्या प्रत्येक भाषणात आबांची गोष्ट असायची. निजामाच्या राज्यात सोयगावला झेंडा लावला म्हणून आपले वडील हर्सूलच्या तुरुंगात गेले. तिथं एक जमादार होता. पुढं पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि तोच जमादार संशयावरून त्याच तुरुंगात कोंडला गेला. आबा त्याच्यासाठी भाकरी घेऊन गेले. तू सांगायचास की तुरुंगात आबा तापानं फणफणले असताना या जमादारानं त्यांच्या हातात गुपचूप गुळाचा खडा ठेवला होता. त्या खड्याची आठवण ठेवून आबा गेले. इथं लोक डोळे पुसायचे, बायका पदर लावायच्या, आणि तुला ते लांबून दिसायचं.

तू तेव्हा पाळण्यात होतास रे. आपलं बिऱ्हाड तोवर औरंगाबादेत आलं होतं, आणि आबांबरोबर मी गेले होते. भाकरीचं फडकं माझ्या हातात होतं. गूळबीळ काही नव्हता. त्या जमादारानं आबांच्या कानशिलात इतक्या वेळा मारलं होतं की त्यांचा डावा कान कायमचा गेला. आपण दोघं आयुष्यभर त्यांच्या उजव्या हाताला बसून बोललो ते काय गुळामुळं? त्या दिवशी आई चुलीपुढून उठून गेली होती. "त्या मेल्यासाठी मी भाकरी थापू व्हय?" म्हणाली. तेव्हा आबांनी स्वतः परात ओढली आणि दोन वेड्यावाकड्या भाकरी थापल्या. एक तर निम्मी करपलेली. "मला मारायचा हक्क त्याला नव्हता," ते आईला म्हणाले, "मंग आता आपल्याला कुठून आला? खटला चालवा, काय व्हायची ती शिक्षा व्हऊ द्या. पण माणूस उपाशी नाय ठेवायचा." आईनं तोंड फिरवलं ते फिरवलंच.

फाटकावरच्या शिपायानं फडकं सोडून बघितलं आणि आत नेलं. जाळीमागं तो जमादार दिसला. त्यानं भाकरी घेतली, आबांकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. परत येताना मी विचारलं, "आबा, त्यानं माफी मागितली का?" आबा म्हणाले, "नाय." मी विचारलं, "मंग?" ते म्हणाले, "मंग काय? भाकर खाल्ली की त्यानं." ऊन लागत होतं म्हणून त्यांनी उपरणं माझ्या डोक्यावर टाकलं आणि आम्ही चालत घरी आलो.

"गूळ काढ," मी तुला दरवेळी सांगायची. "गूळ देणाऱ्याला भाकरी कुणीबी नेईल. त्यात आबांचं काय राहिलं?"

"लोकांना कडू जात नाय, अक्का. जरा गोड लावावं लागतं."

"मंग घरी बसून शिरा कर."

तू हसायचास आणि दुसऱ्या दिवशी स्टेजवर तो खडा पुन्हा आबांच्या हातात ठेवायचास. पालथ्या घड्यावर पाणी.

आता ते दुसरं.

"हर्सूलच्या तळ्यापाशी एका संध्याकाळी..." असं तू तालमीत तीन-चार वेळा सुरू केलंस. प्रत्येक वेळी मी हातातली भाजी तशीच टाकून उठले. कधी गॅस बंद करायला, कधी दारात कुणी आलंय का बघायला. त्या वाक्याच्या पुढं काय होतं ते मी कधी ऐकलंच नाही.

तुला ठाऊकच आहे, पण उद्या हे कुणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून सांगते. त्या संध्याकाळी तू तुरुंगात कुणा पक्षकाराला भेटायला गेला होतास. तुझी स्कूटर बंद पडली होती, म्हणून हे, तुझे दाजी, तुला आणायला गेले. परत येताना तळ्याच्या अलीकडे चहाच्या टपरीसमोर यांनी स्कूटर उभी केली, तू चहा सांगायला उतरलास आणि मागून ट्रक आला. ड्रायव्हर प्यालेला होता. पुढं कोर्टात ते शाबीत झालं, साक्ष तूच दिलीस, त्याला शिक्षा झाली. पण त्याआधी तिथं रस्त्यावर लोकांनी त्याला खाली ओढला होता आणि दगड उचलले होते. आणि तू त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलास.

हे मला तू सांगितलं नाहीस. टपरीवाल्यानं सांगितलं, यांच्या तेराव्याच्या पंगतीत. बिचारा कौतुकानं सांगत होता. "वकीलसाहेब मधी पडले म्हणून, नायतर त्यो डायवर तिथंच खपला असता. साहेबाच्या पाठीत दगड बसले, पर लई धीराचा माणूस, हलला नाय." पंगतीतले सगळे तुझ्याकडे आदरानं बघत होते. मी वरण वाढत होते. माझा नवरा रस्त्यावर पडला होता आणि माझा भाऊ दुसऱ्यापुढं उभा होता, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं. वरण पानाबाहेर सांडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

नंतर मी तुला एकदाच विचारलं, "तू कुठं होतास?" तू म्हणालास, "दोघांच्या मधे." पुढचा प्रश्न विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न असा होता : तू पाठ फिरवलीस तेव्हा यांचा श्वास चालू होता का? तू नाही म्हणाला असतास तर मी विश्वास ठेवला असता की नाही, देव जाणे. हो म्हणाला असतास तर मला नवराही नाही आणि भाऊही नाही. म्हणून मी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस. त्यानंतर इतकी वर्षं तू रोज संध्याकाळी आलास. नळ दुरुस्त केलास, गुडघ्यासाठी डॉक्टरकडे नेलंस, माझ्याशी राजकारणावरून, मिठावरून, क्रिकेटवरूनसुद्धा भांडलास. एवढं एक सोडून आपण सगळ्यावर भांडलो.

काल दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. भाजी घेऊन बसले, उठले. चहा टाकला, तुझाही टाकला, मग तोही मीच प्याले. शैलानं आधणात साखर जास्त घातली म्हणून तिच्यावर ओरडले, जी तिनं घातलीच नव्हती. वड्याचं तेल वांग्यावर. ती गरीब गाय. उलट माझ्या पाटावर बसली, मेथी पुढं ओढली आणि म्हणाली, "अक्का, तुम्ही बोलून बघा. मी ऐकते." मी तुझ्या भिंतीला जाऊन टेकले. डाग बरोबर माझ्या डोक्यामागं आला असावा. तशीच परत फिरले. आणि शैला कशी रे चालेल? ती जांभई देत नाही, चिडत नाही. सगळ्यालाच रडते. तिच्यापुढं बोलून काय ठेवायचं आणि काय कापायचं ते कळणार कसं?

संध्याकाळी मैदान भरलं. निम्म्या लोकांना तू गेल्याचं माहीत होतं. निम्म्यांनी भोंग्यावर विश्वास ठेवला होता. सर फाटकापाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगत होते. मी स्टेजच्या मागं, शाळेच्या नळाजवळ उभी होते. तेवढ्यात एक माणूस आला. खांद्यावर हमालाचं फडकं, दाढीत पांढरं.

"बाई, वकीलसाहेब नाय आले अजून? मी कवापासून बघतोय, इस्टेजवर दिसंनात."

"ते गेले," मी म्हटलं.

"कुठं?"

मला त्या प्रश्नाचा भयंकर राग आला. "वारले," मी म्हटलं.

तो तिथंच सतरंज्यांच्या ढिगावर बसला. "भोंगा तर आत्ता सकाळी ऐकला मी," असं दोनदा म्हणाला. मग वर बघून म्हणाला, "तुम्ही अक्का ना? मी काशिनाथ. मी त्यो... डायवर."

कोर्टात मी फक्त त्याची पाठ पाहिली होती. चेहरा बघायचा नाही असं ठरवून गेले होते. काल समोरून बघितला. साधा माणूस. माझ्या मनात इतकी वर्षं जो होता तो याच्यापेक्षा खूप उंच होता.

"सुटल्यावर साहेबाच्या घरी गेलतो, पाया पडाया," तो सांगत होता. "साहेब म्हणले, इकडं येत जाऊ नको, अक्काला दिसशील. भाषणाला ये, मागं बस. तवापासून येतो. मोंढ्यात पोती उचलतो आता. गाडीला परत हात लावला नाय."

म्हणजे तू स्टेजवर आबांच्या हातात गूळ ठेवत होतास तेव्हा हा शेवटच्या रांगेत बसलेला असायचा. आणि मला वाटायचं, तळ्याची गोष्ट तू फक्त माझ्यासाठी गिळतोस.

मी विचारलं.  "तो तुझ्यापुढं येऊन उभा राहिला, तेव्हा यांचा श्वास चालू होता का?"

 मला बरं वाटेल असं काहीतरी सांगून त्याला मोकळं होता आलं असतं. "ठाव नाय, बाई," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मला खाली वढलं व्हतं, तोंडावर मार चालू व्हता. साहेब आले तवा मला त्यांचे पायच तेवढे दिसले." मग थांबून म्हणाला, "दोन्ही गुडघ्यांवर पँट रगतानं भिजल्याली व्हती. ते रगत माझं नव्हतं. साहेब नुकतेच आले व्हते माझ्याकडं, त्यांना तवर एकबी दगड बसला नव्हता."

दोन्ही गुडघे, दत्तू.

तू आधी यांच्यापाशी बसला होतास. किती वेळ, ते काही बोलले का, तुझा हात त्यांच्या छातीवर होता का, हे आता कुणीच सांगणार नाही. श्वासाचं तर नाहीच. पण तू बसला होतास. ती पँट शैलानंच धुतली असणार, आणि तीही बोलली नाही. एवढी साधी गोष्ट तुला मला सांगता आली नाही का रे, मूर्खा? मग लक्षात आलं, सांगायला तू तीन-चारदा सुरुवात केली होतीस.

सरांनी माझी ओळख करून देताना मला तुझं प्रेरणास्थान केलं. मी माइक हातात घेऊन आधी तेच खोडलं. म्हटलं, मी प्रेरणा वगैरे नाही, मी त्याचा विरोधी पक्ष. लोक हसले. मग मी आबांची गोष्ट सांगितली. कानासकट. आई चुलीपुढून उठली ते सांगितलं, करपलेली भाकरी सांगितली. तुझ्या भाषणात लोक जिथं डोळे पुसायचे तिथं काल कुणी पुसले नाहीत. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ घड्याळ बघू लागले. मी सांगितलं की आबांना तो माणूस शेवटपर्यंत आवडला नाही. आवडणाऱ्या माणसाला भाकरी द्यायला हक्क कशाला लागतात, तिथं पाहुणचार पुरतो. घड्याळवाल्यांनी हात खाली घेतला.

"हर्सूलच्या तळ्यापाशी एका संध्याकाळी," मी म्हटलं. आणि तुझं वाक्य संपलं. पुढचं मला माहीत नव्हतं.  अंगाला जी सवय लागलीय तीच जागी झाली, आता उठायचं, आत जायचं. पण उठणार कुठून? मी उभीच होते. हातात माइक होता आणि बंद करायला गॅससुद्धा नव्हता. मग मी पुढचं माझं सांगितलं.

मी सांगितलं की तिथं माझा नवरा पडला होता आणि ज्याच्यामुळं पडला त्याच्यापुढं माझा भाऊ उभा होता. मी तिथं असते तर पहिला दगड माझा असता, हेही सांगितलं. तो मला मेलेला हवा होता, तिथंच, त्याच रस्त्यावर. "आणि माझा राग खोटा नव्हता," मी म्हटलं, "म्हणूनच तिथं माझं न ऐकणारा कुणीतरी असायला हवा होता. त्या दिवशी गर्दी माझ्या बाजूची होती. उद्या ती तुमच्या दारात येईल, तुमच्या पोराला बाहेर ओढील, खऱ्याखोट्या कशावरूनही. तेव्हा मधे उभं राहणारा माणूस ऐनवेळी कुठून आणाल? ती सवय आधीपासून असावी लागते. आणि नावडत्या माणसासाठी उभं राहिल्याशिवाय ती लागत नाही."

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक जण उठला. तरणाताठा, चेहरा लाल. "बाई, मंग मेलेल्याचे हक्क कुठं गेले? त्याच्याकडून कोण बोलणार?"

दत्तू, तो माझा प्रश्न होता! शब्दन् शब्द माझा. तुझ्या प्रत्येक तालमीत मी तो तुझ्या अंगावर फेकायची, तू गप्प बसायचास आणि मला वाटायचं मी जिंकले. काल तो माझ्या अंगावर आला तेव्हा मलाही आधी गप्पच बसावंसं वाटलं. मग मी म्हटलं, "मेलेल्याकडून मी बोलतेय. माझाच माणूस होता तो. कोर्टात साक्ष झाली, शिक्षा झाली, त्यानं तो परत आला नाही. ड्रायव्हरला तिथंच ठेचला असता तरी आला नसता, आणि वर एक बाई माझ्यासारखी आणखी झाली असती. मला एवढंच कळलंय. यापुढचं भावाला विचारायचं होतं, ते राहिलं." आणि मी खाली बसले. टाळ्या तुझ्यापेक्षा कमी पडल्या. तू म्हणाला असतास, गूळ कमी पडला.

काशिनाथकडे मी बोट दाखवलं नाही. मैदान रिकामं झाल्यावर तो सतरंज्यांच्या घड्या घालत होता. मी त्याला माफ केलं, असं कुणी सांगत सुटलं तर ऐकू नकोस. केलेलं नाही. फाटकापाशी तो बाजूला सरून उभा राहिला. मी पुढं गेले, मग थांबून म्हटलं, "मागं बसून नीट ऐकू येत नाही. इथून पुढं पुढच्या रांगेत बसत जा." त्यानं मान हलवली. शैला माझा हात धरून चालत होती, तिनं हात जरा घट्ट धरला.

आज सकाळी सर पुन्हा आले, चपलांची जोडी नीट लावून. सोयगावहून निरोप आहे म्हणाले. आपल्या गावात, आबांच्या गावात, हेच भाषण ठेवायचंय. मी हो म्हटलंय. तिथं आबांना ओळखणारे दोन-चार म्हातारे अजून असतील, आणि तुझा गूळ त्यांच्यापर्यंतही पोचला असेल. भाषण अजून कच्चं आहे. मधेच फार रागावते मी, आणि तळ्याचं दुसरं वाक्य नीट बसलेलं नाही.

म्हणून आता मेथी निवडायला घेतलीय आणि तुझ्या डागाकडे तोंड करून बसलेय. आजवर मी ऐकलं, आता तू ऐक. जांभई दिलीस तिथलं कापीन. चिडलास तिथलं ठेवीन. फक्त उठून जाऊ नकोस, दत्तू.